अर्ध्या इंचाची करामत

थोरल्या लेकीला जुळ्या मुली झाल्या, त्या वर्षीची ही गोष्ट. लेकीचं बाळंतपण उरकून शिवणवाली दीड महिन्याने घरी परतली ती शनिवारी संध्याकाळी. रविवारी सकाळी तिचा चहा संपायच्या आतच नवरा म्हणाला, "आवर लवकर. आज कारखान्यात जोडबाबा येणार आहेत. उशीर झाला तर उभं राहावं लागेल."

"रविवारी कारखान्यात? आणि हा कोण जोडबाबा?"

"बघशील. जिवंत माणसाचा पाय लांब करतो. मी दोनदा बघितलंय, या डोळ्यांनी."

बुटांचा तो कारखाना दोघांचाही. म्हणजे मालकीचा नव्हे, राबण्याचा. नवरा कापणीच्या टेबलावर सव्वीस वर्षं चामडं कापत होता, त्याला सगळे मास्तर म्हणत. ती बुटाचा वरचा भाग मशीनवर शिवायची, म्हणून शिवणवाली.

पॅकिंगच्या हॉलमध्ये रिकामी खोकी भिंतीपर्यंत ढकलून जागा केली होती. पन्नासेक माणसं दाटीवाटीने बसली होती आणि मागची खोक्यांवर चढली होती. पुढे एक खुर्ची. खुर्चीशेजारी जमिनीवर तळाच्या चामड्याचा गठ्ठा, दोरीने आवळलेला, चाळीस किलोचा. तो उचलायला एरवी दोघे लागत.

जोडबाबा आला. दाढी नाही, जटा नाहीत. इस्त्रीचा पांढरा शर्ट, चकचकीत घड्याळ, हातात कातडी बॅग. औषधं विकायला आलाय असंच कुणी म्हटलं असतं. त्याने हॉलभर नजर फिरवली आणि विचारलं, "पाठ कुणाकुणाची दुखते?"

निम्म्याहून जास्त हात वर झाले. दिवसभर वाकून काम करणारी माणसं. पाठ कुणाची दुखत नाही असं विचारलं असतं तर मोजायला सोपं गेलं असतं.

"कंबर म्हणजे देहाचं बिजागर," बाबा म्हणाला. "बिजागर वाकडं झालं की दार कुरकुरतं. डॉक्टर काय करतो? दाराला रंग देतो. व्यायामवाले काय करतात? तेच कुरकुरणारं दार शंभर वेळा उघडतात नि लावतात! मी काय करतो? मी बिजागर सरळ करतो. एका ओढीत!"

टाळ्या पडल्या. दाराचं बोलणं ऐकायला फार गोड लागतं. फक्त दाराला मणके नसतात, हे त्या वेळी कुणाला सुचलं नाही.

खुर्चीवर चिकट्या येऊन बसला. तळ चिकटवायच्या विभागातला जुना कामगार, म्हणून चिकट्या. शिवणवालीने त्याला दीड महिन्यानंतर बघितलं आणि तिला धक्काच बसला. गालफडं बसली होती, पट्ट्याला दोन नवी भोकं पाडलेली दिसत होती.

बाबा त्याच्यासमोर उकिडवा बसला. चिकट्याचे दोन्ही पाय बुटांसकट उचलून त्याने सरळ धरले, टाचा तळहातांत घेतल्या. "या, जवळ या. तुम्ही बुटांची माणसं. तळ कसा बघायचा हे तुम्हाला मी काय शिकवणार?"

पुढच्या दोन रांगा वाकल्या. उजव्या बुटाचा तळ डाव्याच्या पुढे आलेला. चांगला अर्धा इंच.

"हे बघा! डावा पाय आखूड! बारा वर्षं हा माणूस लंगडत चालला आणि याला कुणी सांगितलं नाही!" बाबाने डोळे मिटले. "सोड, धरणी, सोड. ये, पाया, ये. तुझ्या भावाजवळ ये…"

त्याचे दंड थरथरले. आणि सगळ्यांच्या देखत दोन्ही तळ हळूहळू एका रेषेत आले.

"आला! आला!" कुणीतरी ओरडलं.

"आता ऊठ आणि उचल!"

चिकट्या उठला. गठ्ठ्याला हात घातला, दात आवळले आणि गठ्ठा छातीपर्यंत नेला. चिकट्याची बायको हुंदके देऊन रडू लागली. शिवणवालीच्याही अंगावर काटा आला. तिनेही तो अर्धा इंच बघितला होता, आणि पुसला गेलेलाही बघितला होता.

"एकवीस दिवस डॉक्टर नाही, गोळी नाही, व्यायाम नाही," बाबाने बजावलं. "एका पाठीला दोन मालक चालत नाहीत. आता पंधरा दिवसांनी येईन. पुढचं कोण?"

मास्तरने हात वर केला.



घरी येताच तिने कपाटामागे हात घातला. चटई गुंडाळून ठेवली होती, वर धूळ.

"कधीपासून बंद आहे हे?"

"तू सासूसारखी चौकशी नको करू."

"कधीपासून?"

"झाले असतील पंधरा दिवस. अगं, पन्नाशीचा माणूस मी. सकाळी उठून चटईवर उताणं पडायचं, गुडघे वर करायचे, श्वास सोडत बेंबीखालचं पोट हलकेच आत घ्यायचं आणि एक टाच सरकवायची. सरकवायची! समोरच्या खिडकीतून पोरं बघतात आणि हसतात. याला काय म्हणे पिलाटीस."

"त्या पिलाटीसने तू दोन तास टेबलाशी उभा राहायला लागला होतास. आधी अर्धा तास निघत नव्हता."

"ते जोडबाबाच्या नुसत्या दर्शनाने."

"दर्शन तुला झालं मी गेल्यावर. दोन तास तू मी जायच्या आधीच उभा राहत होतास!"

मास्तरने तोंड वाकडं केलं.

तिला डोळ्यांसमोर तो गठ्ठा दिसत होता. आठ वर्षांचं त्याचं दुखणं, आणि गेल्या वर्षी असाच एक गठ्ठा त्याने घाईत एकट्याने उचलला होता. मग नऊ दिवस फरशीवर. संडासला जायचं तर ती खांद्याचा आधार द्यायची आणि हा सव्वीस वर्षांचा कापणी मास्तर लाजेने भिंतीकडे तोंड करायचा. डॉक्टर म्हणाले होते, शस्त्रक्रियेची गरज नाही, पण मणक्यांना धरून ठेवणारे स्नायू पार ढिले पडलेत. ते हळूहळू तयार करा, मग वजनही हळूहळू वाढवा. एकदम चाळीस किलोला हात घालू नका. पुन्हा तसा झटका बसला तर कापणीचं टेबल विसरा.

आणि पंधरा दिवसांनी पन्नास माणसांसमोर बाबा त्याला म्हणणार होता, ऊठ आणि उचल.

बुधवारी चिकट्या कामावर आला नाही. गुरुवारीही नाही. जेवणाच्या सुट्टीत शिवणवाली त्याच्या घरी गेली. तो कुशीवर पडला होता, गुडघे पोटाशी घेतलेले.

"काय रे, काय होतंय?"

"काही नाही, वहिनी. दुखणं बाहेर पडतंय." हसायचा प्रयत्न केला त्याने. "पायांना मुंग्या येतात. बाबा म्हणाले, रक्त नव्या वाटा शोधतंय."

तिने त्याच्या कपाळाला हात लावला. "अरे, ताप आहे तुला!"

"संध्याकाळी येतो, सकाळी जातो," त्याची बायको दारातून म्हणाली. "दोन महिने झाले. हलकाच असतो."

"डॉक्टरला दाखव गं बाई."

"एकवीस दिवस भरू देत, वहिनी. मध्येच मोडलं आणि उलटलं तर? तुमच्या मास्तरांचा नंबर लागलाय म्हणून तुम्हाला भीती वाटते. माझ्या माणसाने गठ्ठा उचलला, तुम्हीच बघितलं ना?"

बघितलं होतं. तिथेच तर तिचं तोंड बंद होत होतं.

शुक्रवारी ती इस्पितळात गेली. तळमजल्यावर व्यायामाची खोली होती. सहा चटया, एक आरसा, आणि मास्तरला शिकवणारी व्यायामबाई. ही बाई एका म्हातारीला एकेक मणका उचलत कंबर वर घ्यायला लावत होती. "घाई नाही, आजी. श्वास रोखू नका. अंगठ्या गोफात ओवल्यासारखा एकेक मणका खाली ठेवा." म्हातारी म्हणाली, "अंगठ्या सुनेने नेल्या, मणके तेवढे राहिलेत." दोघी हसल्या. मग बाई शिवणवालीकडे वळली आणि सगळं ऐकून घेतलं.

"मास्तरचे पाय मी मोजलेत," ती कागद काढून म्हणाली. "कमरेच्या हाडापासून घोट्यापर्यंत, फितीने, उताणं झोपवून. दोन्ही सारखे. एका मिलिमीटरचाही फरक नाही. आणि थोडा फरक पुष्कळांना असतो, त्यांची पाठ दुखतेच असंही नाही."

"पण बाई, मी बघितलं. अर्धा इंच! मग गठ्ठा?"

"दुखणं रोज एकसारखं नसतं. माणसं पन्नास, टाळ्या, बायको समोर. तेवढा वेळ दुखणं दबतं. मग दुसऱ्या दिवशी दामदुपटीने येतं. माझ्याकडेही जादू नाही हो. बारा आठवडे लागतील, दुखणं कमी होईल, कदाचित पूर्ण जाणारही नाही. चालणं, पोहणं, दुसरा एखादा नेमाचा व्यायाम, त्यानेही फायदा होतो. पण जे करायचं ते सोडायचं नाही." मग तिचा आवाज बदलला. "तुम्ही त्या चिकट्याचं सांगितलं ते मला आवडलं नाही. ताप, वजन उतरणं, पायाला मुंग्या. अशा माणसाला मी माझ्या चटईवरसुद्धा घेणार नाही. त्याला उद्या नाही, आज डॉक्टरकडे न्या."

"त्याची बायको ऐकत नाही. तो अर्धा इंच आडवा येतो. बाई, ते कसं केलं असेल?"

व्यायामबाईने खांदे उडवले. "मी पाय मोजते. त्याने बूट दाखवले. बूट हा तुमचा प्रांत."

त्याच पावली ती पुन्हा चिकट्याकडे गेली, बाईचं म्हणणं शब्दाला शब्द सांगितलं. बायकोने दार लावून घेतलं.

पुढचा सगळा आठवडा शिवणवालीच्या डोक्यात ते एकच वाक्य मशीनसारखं चालत होतं. बूट हा तुमचा प्रांत. बुटाची टाच शिवताना ती थांबली. पन्नास माणसं वाकून बघत होती, पन्नास बुटांची माणसं. आणि बघितलं काय? तळ. जन्मभर जे बघत आलो तेच. पाय कुणी बघितलाच नाही! बुटाचा तळ पुढे आला म्हणजे पाय पुढे आला, हे कुणी ठरवलं? आणि त्या बाबाने दोन्ही टाचा तळहातांत झाकून ठेवल्या होत्या. नेमकी तीच जागा, जिथे बूट पायावरून निसटतो.

पण हा नुसता तर्क. चुकला तर? मास्तरने आधीच तंबी दिली होती, "तिथे तोंड उघडलंस तर बघ. चारचौघांत माझी शोभा करू नकोस. सव्वीस वर्षं मी मान वर करून काम केलंय तिथे."

रविवार उजाडला. हॉलमध्ये या वेळी सत्तर माणसं. चिकट्याची बायको पहिल्या रांगेत एकटीच बसली होती, डोळे सुजलेले. गठ्ठा जागेवर होता.

मास्तर खुर्चीवर बसला. शिवणवाली पुढे झाली. "थांबा हो, यांची नाडी सुटलीय," म्हणत ती त्याच्या पायाशी बसली. बुटाची नाडी बांधता बांधता तिने ओच्यातून चंदेरी पेन काढलं. कारखान्यात चामड्यावर कापायची खूण याच पेनाने करतात. बुटाच्या काठाला टेकवून, टाचेच्या मागून, तिने मोज्यावर रेघ ओढली. उजव्या पायावर एक, डाव्यावर एक. काळ्या मोज्यावर रेघ झगझगीत उमटली.

"काय करतेस?" मास्तर दातांतून म्हणाला.

"नाडी बांधते."

ती उठली, पण मागे गेली नाही. खुर्चीच्या बाजूलाच उभी राहिली.

बाबा उकिडवा बसला. टाचा तळहातांत आल्या. बिजागराचं झालं, दाराचं झालं. "या, जवळ या. हा बघा, हाही डावा! डावा आखूड!"

उजवा तळ पुढे आला होता. लोकांनी सुस्कारा सोडला. शिवणवाली वाकली, पण बाबाची बोटं टाचेवर होती. काहीच दिसेना.

"सोड, धरणी, सोड…"

आता तळ पुन्हा जुळणार. जुळले की संपलं. मग गठ्ठा.

"हात काढा!" ती ओरडली. स्वतःचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

"बाई, बाजूला व्हा. शंका ही कमरेतली गाठ असते."

"असू दे गाठ. तळ आत्ता पुढे आहे ना? सगळ्यांनी बघितलाय. तसाच ठेवा आणि नुसती बोटं काढा टाचेवरून."

"शक्ती वाहतेय. मध्येच सोडलं तर तुमच्या नवऱ्याचा पाय जाईल!"

"गप्प बस गं!" मास्तर लालबुंद झाला होता.

तेवढ्यात सुपरवायझर पुढे आला. चाळिशी गळ्यात लटकवून फिरणारा, मोजून बोलणारा माणूस. त्याने गुडघ्यावर बसून चष्मा लावला आणि बाबाचं मनगट धरून बाजूला केलं.

उजव्या मोज्यावरची चंदेरी रेघ बुटाच्या काठापासून सुटली होती. रेघ आणि काठ यांच्यामध्ये काळा मोजा दिसत होता. अर्धा इंच. डाव्या पायाची रेघ मात्र काठाला चिकटून होती.

सुपरवायझरने खिशातली पट्टी लावली.

मास्तर वाकून बघत होता. सव्वीस वर्षं त्याने चंदेरी रेघेवरून सुरी चालवली होती. ती रेघ काय सांगते हे त्याला कुणी समजावण्याची गरज नव्हती. त्याने एकदा बायकोकडे बघितलं. मग खाली हात घालून नाड्या सोडल्या, दोन्ही बूट काढले, मोजे काढले आणि अनवाणी पाय पुढे केले.

"आता दाखवा, बाबा. कुठला आखूड?"

"अनवाणी पायातून शक्ती जमिनीत उतरते…"

"पाय हवेत आहेत. जमीन कुठाय?"

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. बाबा उठला, शर्टाची इस्त्री नीट केली. "ज्या खोलीत श्रद्धा नाही तिथे मी क्षणभर थांबत नाही."

"थांबा की! नाव-पत्ता तरी द्या," सुपरवायझर म्हणाला. "पोलिसांना तक्रारीत लिहायला लागेल." बाबाने बॅग उचलली आणि मागे न बघता तो दाराबाहेर पडला.

मास्तरने सुपरवायझरलाच खुर्चीवर बसवलं आणि त्याच्या टाचा हातात घेतल्या. पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदा उजवा बूट टाचेवरून हळूच ओढला आणि पाय जरासे एका बाजूला झुकवले. तळ पुढे. मग तळहाताने बूट परत आत रेटला. तळ जुळले. "एवढंच," तो म्हणाला. "एवढंच होतं. आपण सगळे बुटांचे लोक. आपल्याला कुणी बुटाने फसवावं!"

"पण माझी पाठ खरंच थांबली होती दुखायची," खोक्यावरून एक आवाज आला.

"किती दिवस?" शिवणवालीने विचारलं.

"… तीन."

चिकट्याची बायको उभी राहिली. "मग माझा माणूस?" ती म्हणाली. "परवापासून त्याला पाय हलवता येत नाहीत. मी दार लावून घेतलं, वहिनी. तुम्ही आला होता आणि मी दार लावून घेतलं."

कारखान्याची माल न्यायची गाडी बाहेर होती. तासाभरात चिकट्या इस्पितळात होता. डॉक्टरांनी फोटो काढले. पाठीच्या मणक्यात पू झाला होता, दोन मणके पोखरले होते, आत नसांवर दाब आला होता. त्याच्या पाठीचं कारण मास्तरपेक्षा निराळं होतं. त्याला ना व्यायामाने गुण आला असता, ना ओढण्याने. वेळेवर औषध हवं होतं. डॉक्टर म्हणाले, "दोन महिने ताप होता, तेव्हाच आणायला हवं होतं."

सोमवारी सकाळी मास्तरने कपाटामागून चटई काढली. खिडकीतून पोरं हसली. तो श्वास सोडत टाच सरकवत राहिला. तिसऱ्या महिन्यात तो चार तास उभा राहू लागला. पाठ पूर्ण बरी झाली नाही. थंडीत धरायची, जास्त काम झालं की बोलायची. पण नऊ दिवस फरशीवर पडायची वेळ पुन्हा आली नाही.

वाचणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. पाय मोजायचा तर बूट काढून, फितीने मोजून घ्या. एका ओढीत बरं करतो म्हणणाऱ्याचे हात काय झाकतायत ते आधी बघा. व्यायाम शिकायचा तर जाणत्याकडून शिका, आणि गुण यायला महिने लागतील हे धरून चाला. पाठीबरोबर ताप असेल, वजन उतरत असेल, पाय बधिर होत असतील, लघवीवर ताबा राहत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि जो तुम्हाला डॉक्टरकडे जाऊ नका म्हणतो, त्याच्याकडे तुम्ही जाऊ नका. डोळ्यांनी बघितलं म्हणून खरं मानू नका. नीट काय बघितलं ते स्वतःला विचारा.

चिकट्या इस्पितळात अकरा आठवडे होता. त्याच वर्षी ऑगस्टच्या नऊ तारखेला, मंगळवारी सकाळी, तो तिथेच वारला. वय एक्केचाळीस.